राष्ट्रीय शोकाच्या दिवसांत सुडाची लाट आपल्या वस्तीत शिरू नये म्हणून

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सरकारपुढचा पहिला तातडीचा प्रश्न मारेकरी कोण हे लोकांना केव्हा आणि कसे सांगायचे हा होता. फाळणीच्या कत्तलींची धग अजून विझलेली नव्हती. दिल्लीत शांतता राहावी म्हणून केलेले गांधीजींचे शेवटचे उपोषण सुटून जेमतेम बारा दिवस झाले होते आणि हे कृत्य एखाद्या मुसलमानाचे असल्याची नुसती कुजबुज पसरली असती, तरी त्या रात्री किती माणसे मेली असती याचा अंदाज करणेही कठीण आहे. म्हणून आकाशवाणीवरून मारेकरी हिंदू असल्याचे आवर्जून सांगण्यात आले आणि दिल्ली त्या संकटातून वाचली. महाराष्ट्रात मात्र बातमीतला पुढचा तपशील, म्हणजे मारेकऱ्याचे नाव आणि जात, पोहोचताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने आणि छापखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. मुंबईत वि. दा. सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत इतके जबर जखमी झाले की त्यानंतर ते नीट बरे झालेच नाहीत आणि १९४९ मध्ये वारले. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या मृत्यूचा सूड, ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशा शेजाऱ्यांवर उगवला गेला. साने गुरुजींनी त्या फेब्रुवारीत २१ दिवसांचा उपवास केला, तो या काळोख्या पार्श्वभूमीवर.

खरी बातमी वेळेवर देणे अत्यावश्यक असते, पण तेवढ्याने भागत नाही, हे त्या एका आठवड्यात दिसले. बातमी खरी असली तरी तिचे काय करायचे हे अखेर गल्लीत ठरते आणि गल्लीत त्या वेळी कोणीतरी उभे असावे लागते. पुढील सूचना अशा उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहेत, मग तो गृहनिर्माण संस्थेचा सचिव असो, गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असो, मुख्याध्यापिका असो किंवा चारशे जणांच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन असो.

आधी एवढे स्पष्ट असावे

शांतता निवडणे म्हणजे गुन्हेगाराला माफ करणे नव्हे, आणि शासनाने सीमेपलीकडच्या शत्रूशी कसे वागावे याबद्दलचे ते मतही नव्हे. त्या प्रश्नांवर ज्याचे त्याचे मत असावे आणि ते मोकळेपणाने मांडावे. येथे विषय मर्यादित आहे : गुन्हा एकाने केला आणि शिक्षा त्याच्या धर्माच्या, जातीच्या किंवा प्रांताच्या दुसऱ्याच माणसाला झाली, असे आपल्या हद्दीत घडू द्यायचे नाही. काम सुरू करण्यापूर्वी सहकाऱ्यांना ही मर्यादा सांगावी, कारण ‘तुम्ही दहशतवाद्यांची बाजू घेता’ हा आरोप पहिल्या तासाभरात होणारच असतो आणि त्याला उत्तर देण्यात दिवस घालवणे परवडत नाही.

सुडाने हिशेब चुकता होतो असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे मुंबईचा १९९२-९३ चा हिशेब ठेवावा. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर दंगल झाली, जानेवारीत तिचा दुसरा आणि अधिक भीषण टप्पा आला, आणि दोन्ही मिळून सुमारे ९०० माणसे मेल्याची नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. १२ मार्चला बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले. प्रत्येक वेळी करणारे आधीच्या प्रसंगाचे नाव घेत होते, पण शेअर बाजाराच्या पायऱ्यांवर, सेंच्युरी बाजारच्या बसथांब्यापाशी किंवा प्लाझा चित्रपटगृहाजवळ जे मेले त्यांनी जानेवारीत कोणाचे घर जाळले होते?

पहिले काही तास : बातमी

मोठ्या घटनेनंतर पहिली लढाई अफवेशी असते. ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत पिण्याच्या पाण्यात विष कालवल्याची आणि पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या गाड्या येत असल्याची आवई उठवण्यात आली. पुढच्या तीन दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, असा सरकारी आकडा आहे. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत समुद्रमार्गे शस्त्रांच्या बोटी येत असल्याची वदंता पसरली आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे किनाऱ्यावर रात्री पहारा देत बसली. अफवेचा साचा या दोन्ही ठिकाणी एकच आहे : ‘ते’ आता आपल्यावर येणार आहेत, म्हणून आपणच आधी गेले पाहिजे. हा साचा ओळखता आला की निम्मे काम होते.

व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनने घटनेची बातमी पक्की कळताच, ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय दोन-तीन दिवसांसाठी सुरू करावी आणि तसे का केले ते दोन ओळींत सांगावे. काही सभासद रागावतील आणि एखाद-दुसरा गट सोडून जाईल, पण त्याची फिकीर करू नये. आलेली चित्रफीत पुढे पाठवण्याआधी तिच्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी कोणत्या राज्याच्या आहेत, दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, माणसांच्या अंगावर ऋतूप्रमाणे कपडे आहेत की नाहीत, हे पाहावे. जुनी किंवा परदेशातली चित्रफीत बहुधा एवढ्यानेच उघडी पडते. खात्री झाली नाही, तर ती कोणालाही पाठवू नये. ‘खरे आहे का बघा’ असे म्हणून तर मुळीच नाही, कारण अफवा सर्वांत वेगाने पसरते ती याच वाक्याच्या पाठीवर बसून. स्थानिक पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून विचारावे आणि मिळालेले उत्तर वेळेसह गटात टाकावे. दोन समाजांत वैर वाढवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि अफवा पसरवणारा मजकूर कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, हेही एकदा शांतपणे सांगून ठेवावे. धमकीच्या सुरात सांगितले, तर लोक उलट चेकाळतात.

पहिला संदेश कोणत्या शब्दांत जातो यावर पुढचे बरेच काही ठरते, म्हणून तो आधीच लिहून ठेवलेला बरा. तो साधारण असा असावा : ‘आज झालेल्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या सर्वांना आपल्या सोसायटीतर्फे श्रद्धांजली. गुन्हेगार पकडले जावेत आणि त्यांना कायद्याप्रमाणे कठोर शिक्षा व्हावी, ही आपणा सर्वांची मागणी आहे. आपल्या इमारतीत व आवारात राहणारी आणि काम करणारी प्रत्येक व्यक्ती आपली आहे. कोणाला असुरक्षित वाटल्यास खालील तिघांपैकी कोणालाही, कोणत्याही वेळी फोन करावा.’ शेवटी तीन नावे आणि क्रमांक द्यावेत, आणि ती तिन्ही एकाच धर्माची किंवा एकाच पक्षाची नसावीत. या मजकुरात शोक आधी येतो, शिक्षेची मागणी त्यामागून आणि शेजाऱ्याच्या सुरक्षिततेची हमी सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला, तर शोकाकुल वाचक पहिल्याच ओळीला बिथरतो आणि पुढे वाचत नाही.

कोणाच्या दारापर्यंत लाट येईल

घटनेनंतर लगेच, शक्य तर त्याच रात्री, आपल्या भागात कोणाला धोका आहे याची यादी करावी. ती करताना मोठ्या वस्त्यांपेक्षा एकट्यादुकट्या माणसांचा विचार आधी करावा, कारण जमाव नेहमी जिथे प्रतिकार कमी तिथे जातो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान शहीद झाले आणि आठवडाभरात आपल्या यवतमाळमध्ये काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. ती मुले शिकायला आली होती, भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि त्यांच्या बाजूने बोलायला गल्लीत मामा-काका कोणी नव्हते. शाली विकणारा फिरता विक्रेता, रात्री उशिरा घरी परतणारा बेकरीतला कामगार, बुरखा घालून बसने कॉलेजला जाणारी मुलगी, वसतिगृहातली परप्रांतीय मुले, हे सारे यादीत पहिले येतात.

यादी कागदावर लिहू नये आणि गटात तर टाकूच नये. ती चुकीच्या हाती पडली, तर तिचाच उपयोग उलटा होतो. दोघा-तिघांनी ती डोक्यात ठेवावी आणि त्या-त्या माणसाला जाऊन भेटावे. भेटीत भाषण नको. ‘काही लागले तर मला फोन कर, उद्या सकाळी दुकान उघडशील तेव्हा मी इथेच असेन’ एवढे पुरते, मात्र सकाळी खरोखरच तिथे असावे लागते. खोली रिकामी करायला निघालेल्या घरमालकाशी स्वतंत्रपणे बोलावे. बहुतेक वेळा त्याला द्वेषापेक्षा आपल्या काचा फुटण्याची भीती असते आणि चार शेजारी पाठीशी आहेत म्हटल्यावर तो थांबतो. पुण्यातील ‘सरहद’ ही संस्था गेली अनेक वर्षे काश्मीरमधील मुलांना शिक्षणासाठी येथे आणून सांभाळते आहे. एरवी शांत दिवसांत जोडलेली अशी नातीच वेळप्रसंगी उपयोगी पडतात, ऐनवेळी जोडलेली सहसा पडत नाहीत.

धमकी किंवा मारहाण झालीच, तर ११२ वर तत्काळ कळवावे आणि पोलीस ठाण्यात पीडितासोबत जावे. ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगितले गेल्यास, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, ही कायद्यातली तरतूद शांतपणे दाखवून द्यावी.

‘बंद’ पुकारला गेला, तर आपले दुकान स्वेच्छेने बंद ठेवणे हा शोक आहे आणि दुसऱ्याचे शटर काठीने खाली ओढणे ही दंगलीची सुरुवात आहे. हा फरक व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांकडून आदल्या दिवशीच जाहीर करून घ्यावा.

श्रद्धांजलीची सभा

लोकांना एकत्र येऊन शोक करावासा वाटतो आणि त्याला जागा दिली नाही, तर दुसरे कोणीतरी देते. म्हणून सभा आपणच आणि लवकर, शक्य तो दुसऱ्याच दिवशी, घ्यावी. वेळ संध्याकाळी, उजेड असतानाची धरावी. फेरी काढायची असेल, तर मार्ग पोलिसांशी बोलून ठरवावा आणि तो प्रार्थनास्थळांवरून नेण्याचा हट्ट करू नये. ध्वनिक्षेपक एकच असावा आणि त्यापाशी एक पोक्त माणूस सतत उभा असावा. वक्ते चारपेक्षा अधिक नकोत, आणि येऊ घातलेल्या निवडणुकीतील इच्छुकांपैकी तर एकही नको. या एका नियमासाठी वाईटपणा घ्यावा लागला, तरी तो घ्यावा.

सभेचा गाभा म्हणजे मृतांची नावे. ती सर्वच्या सर्व, नीट उच्चार करून वाचावीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेलेल्यांत हिंदू होते तसे मुसलमानही मोठ्या संख्येने होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये जे २६ जण मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे पर्यटक होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. पूर्ण यादी मोठ्याने वाचली जाते, तेव्हा ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सोयीची विभागणी टिकत नाही आणि हे काम कोणत्याही प्रवचनापेक्षा चांगले होते. घोषणा आधीच ठरवून घ्याव्यात. एखाद्याने भलतीच घोषणा दिली, तर त्याच्याशी हुज्जत न घालता ध्वनिक्षेपकावरून पुढचे नाव वाचायला घ्यावे.

राग कुठे न्यावा

राग गिळायला सांगणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक होय. १९४८ मध्ये, १९८४ मध्ये आणि पुढेही लोकांचा राग खरा होता. तो वळवणारे हात मात्र दुसऱ्यांचे होते. म्हणून रागाला योग्य पत्ता द्यावा लागतो. २००८ च्या हल्ल्यानंतर ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो मुंबईकर जमले आणि त्यांचा रोख शेजाऱ्यांवर नसून सुरक्षेत कसूर करणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर होता. केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री यांना पायउतार व्हावे लागले. पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करण्यासाठी राम प्रधान समिती नेमली गेली. पुढे फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक उभे राहिले. मुंबईच्या जामा मशिदीच्या विश्वस्तांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला, तोही याच काळात. (त्या दिवसांत ‘मुंबई स्पिरिट’चे जे कौतुक झाले, ते निम्मे पोकळ होते, दुसऱ्या दिवशी लोकल पकडणाऱ्या अनेकांना घरी बसणे परवडण्यासारखे नव्हते. पण शहराने आपापसात हात उचलला नाही, हे खरेच मोठे होते.)

कसाबवर उघड खटला चालला, त्याला वकील मिळाला, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने तपासली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. ‘त्याला बिर्याणी कशाला चारता’ हा प्रश्न त्या चार वर्षांत चौकाचौकांत ऐकू येत होता. उत्तर त्याच खटल्यात आहे : त्याच न्यायालयाने, त्याच निकालात, कटात गोवलेल्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले आणि वरच्या न्यायालयांनीही तो निर्णय कायम ठेवला. जमावाच्या हाती ते दोघे पडले असते, तर हा फरक कोणी केला असता?

घाई किती महाग पडू शकते, याची आणखी दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. सप्टेंबर २००६ मधील मालेगावच्या स्फोटांत बळी पडलेले बहुतेक मुसलमान होते आणि अटकही आधी मुस्लिम तरुणांनाच झाली; ते आरोपमुक्त झाले ते २०१६ मध्ये. २००६ मध्येच ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले आणि राज्य शासन लागलीच सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षे, तपासयंत्रणा आणि दोन न्यायालये खर्ची घालूनही ज्या प्रश्नाचे उत्तर वादग्रस्त राहते, ते घटनेच्या रात्री नाक्यावरच्या दहा पोरांना ठाऊक असते, हे कोणत्या आधारावर मानायचे? ही उदाहरणे तरुण मंडळींना सांगताना न्यायव्यवस्थेची सुस्तीही मान्य करावी, कारण ती त्यांना दिसतेच. १९८४ च्या दिल्लीतील हत्याकांडात एका माजी खासदाराला जन्मठेप व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. ही दिरंगाई हाच सुडाच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे, म्हणून खटल्याच्या तारखांचा पाठपुरावा, साक्षीदारांना सोबत आणि नुकसानभरपाईचे अर्ज ही कामे शांततेच्या कामातच मोजावीत.

ज्यांचे माणूस गेले

मृतांच्या घरी जाऊन क्षमेची भाषा करू नये. क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि न करण्याचाही तितकाच. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी नथुराम गोडसेची फाशी रद्द व्हावी म्हणून विनंती केली होती. ती मान्य झाली नाही आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये फाशी झाली. मुलांना तशी विनंती करता येत होती, इतर कोणी ती त्यांच्याकडून मागितली असती तर तो उद्धटपणा ठरला असता. उलट बाजूही सांभाळावी लागते. पहलगामनंतर एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने, लग्नाला आठवडाही झालेला नसताना वैधव्य आलेल्या मुलीने, ‘आम्हाला न्याय हवा, पण मुसलमानांना आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका’ अशा आशयाचे आवाहन केले, तर तिच्या दुःखाच्या नावाने सूड मागणाऱ्यांनीच समाजमाध्यमांवर तिला वाटेल ते बोलून घेतले. असा आवाज आपल्या गावात उठला, तर त्या व्यक्तीभोवती कडे करावे : तिच्या वतीने वार्ताहरांशी बोलायला एक जवळचा माणूस नेमावा, दूरध्वनी दुसऱ्याने उचलावा आणि शिवीगाळीच्या संदेशांची छायाचित्रे जपून ठेवून सायबर पोलिसांकडे तक्रार करावी.

ही तयारी कधी करायची

वर सांगितलेले बहुतेक सारे ऐनवेळी करणे अवघड आहे, आणि याचा उत्तम पुरावा भिवंडी हा आहे. यंत्रमागांचे हे गाव १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये दंगलींत होरपळले. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांचे वेगळेपण असे की नेहमीच्या शांतता समितीतले पुढारी, जे वर्षातून दोनदा सणांच्या आधी चहा-बिस्किटांपुरते जमतात, ते त्यांत मध्यवर्ती नव्हते. त्या-त्या मोहल्ल्यात राहणारी दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि त्या भागाची जबाबदारी असलेला साधा पोलीस कर्मचारी यांच्या नियमित बैठका होत आणि त्यांत भांडणतंट्यांसारखे रोजचे विषय निघत. कोणाची नळाची तक्रार कोणामुळे सुटली हे लक्षात राहते आणि त्याच माणसाच्या घराकडे दगड घेऊन जाणे मग सोपे राहत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही तो धडा घेतला आणि दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, पोलीस आयुक्त सतीश साहनी आदींच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. मात्र हीच भिवंडी जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पेटली आणि दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले, म्हणजे अशी समिती एकदा बांधली की कायमची टिकते, असे नाही.

आपल्या भागात समिती करायची असेल, तर पंधरा-वीस जणांपेक्षा मोठी करू नये. निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण कोणाचा मुलगा रात्री कुठे जातो हे त्यांना आधी कळते. रिक्षाथांब्यावरचा एक, केशकर्तनालयातला एक आणि शाळेतला एक माणूस जरूर घ्यावा; गावाची हवा बदलल्याचे या तिघांना पोलिसांच्याही आधी जाणवते. महिन्यातून एकदा, आलटून पालटून एकमेकांच्या मोहल्ल्यात बसावे आणि विषयपत्रिकेवर सलोखा हा शब्द न घालता कचरा, पाणी, पार्किंग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ हे विषय घ्यावेत. बीट अंमलदाराची बदली झाली की नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात बैठकीला बोलवावे, सभासदांचे फोन क्रमांक दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष लावून तपासावेत, आणि जो सभासद सलग तीन बैठकांना आला नाही त्याच्या जागी त्याच गल्लीतला दुसरा घ्यावा.